यूव्हीबी बल्ब लावल्यापासून इग्वाना डोळे उघडत नाहीये, नक्की कुठला दिवा लावायचा?

धायरीकर, पुणे
११ जुलै २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, इथे वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

ऑफिसातला मित्र मे महिन्यात कॅनडाला गेला, जाताना त्याची हिरवी इग्वाना (झाडावर राहणारा मोठा सरडा) आमच्याकडे देऊन गेला. नाव मिरची, वय दोन वर्षं, शेपटीसकट तीन फुटांच्या वर. सरकारच्या परिवेश पोर्टलवरची विदेशी प्राण्याची नोंदणी, हस्तांतरण वगैरे सगळं त्याने जायच्या आधी माझ्यासोबत बसून करून घेतलं त्यामुळे कागदांचा प्रश्न नाही. प्रश्न उन्हाचा आहे. मित्राकडे गच्ची होती, तिथे ती रोज दोन-तीन तास उन्हात असायची. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी उत्तरेला, आणि जूनपासून पाऊस, म्हणजे ऊन असं बघायलाच मिळत नाहीये. वाचलं की यूव्हीबी, म्हणजे उन्हातले ते अतिनील किरण, नसतील तर हाडं मऊ पडतात, म्हणून घाबरून ऑनलाइन एक बल्ब मागवला, वेटोळ्याचा, जुन्या सीएफएलसारखा, २६ वॅट, खोक्यावर १०.० लिहिलेलं होतं आणि कंपनीचं नाव असं काही नाही. ती ज्या फांदीवर बसते त्याच्या बाजूला क्लिपवाल्या टेबल लॅम्पमध्ये लावला, तोंडापासून पाच-सहा इंच असेल.

आज चौथा दिवस. परवापासून डोळे मिटून बसलीये, मध्येच पुढचा पाय डोळ्यावरून फिरवते, खात नाही, जास्वंदीचं फूल समोर धरलं तरी तोंड फिरवते. मुलगी चौथीत आहे, ती रडून रडून झोपली आत्ता. मी चांगलं करायला गेलो आणि हे काय होऊन बसलं. कुणाला कळत असेल तर प्लीज सांगा.

---

गच्चीवाली ताई, कोल्हापूर
११ जुलै, रात्री ११:५२

आधी तो बल्ब बंद करा. बाकी सगळं नंतर. कमी वेळ लावू का, लांब ठेवू का, असलं काही नको, बंदच. उष्णतेसाठी वेगळा दिवा असेल तर तो राहू दे पण फार झगझगीत नको. पाणी जवळ ठेवा आणि उद्या सकाळी सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणारा डॉक्टर गाठा, नुसता कुत्र्या-मांजरांचा नको. माझ्याकडे आठ वर्षांपासून इग्वाना आहे, डोळे असे मिटले की मी वाट बघत नाही.

---

ठाण्याचा पशुवैद्य
१२ जुलै, सकाळी ६:३०

ताईंनी बरोबर सांगितलंय. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय निदान करणार नाही पण तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे नवीन वेटोळ्याचा बल्ब, बाजूने, पाच इंचांवर, आणि दोन दिवसांत डोळे बंद, हे डोळ्याला अतिनील किरणांचा चटका बसल्याचं चित्र आहे. वेल्डिंगकडे चष्म्याशिवाय बघितलं की रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं ना, तेच. बुबुळाच्या वरचा थर आणि पापण्यांची आतली बाजू सुजते. चांगली गोष्ट ही की दिवा वेळेत बंद केला तर बहुतेक जनावरं काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत सावरतात. पण बुबुळावर जखम आहे का हे डोळ्यात डाय (रंग) टाकून बघावं लागतं, म्हणून डॉक्टरकडे जाच. घरातलं माणसांचं डोळ्याचं औषध टाकू नका, त्यात स्टेरॉइड असलं आणि आत जखम असली तर वाट लागेल. आणि हात जोडून सांगतो, तेल, तूप, गुलाबपाणी काहीही नको.

हा प्रकार नवा नाही. २००७ च्या सुमाराला बाहेरच्या देशांत काही वेटोळ्याच्या आणि नळीच्या दिव्यांमुळे असेच बरेच प्राणी आजारी पडले होते. ब्रिटनमधल्या फ्रान्सिस बेन्स या पशुवैद्य बाईंनी ते दिवे मोजून बघितले तेव्हा कळलं की काहींमधून सूर्यप्रकाशात जमिनीपर्यंत पोचतच नाहीत इतक्या आखूड लहरींचे किरण बाहेर येत होते. नामवंत कंपन्यांनी त्यानंतर काच आणि आतला लेप सुधारला. बिननावाच्या खोक्यात आज काय येतं ते कोण तपासतं?

तुमची चूक म्हणू नका. यूव्हीबी हवं हा विचार शंभर टक्के बरोबर होता.

---

नाशिकचा सागर
१२ जुलै, सकाळी ९:१५

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

ठाण्याचा पशुवैद्य
१२ जुलै, सकाळी ९:४०

सागर, तुम्ही प्रतिसाद काढलात ते चांगलं केलंत पण मी तो वाचला होता आणि इतरांच्याही डोक्यात तेच येऊ शकतं म्हणून इथे लिहितोच. कोविडच्या वेळी घेतलेली निर्जंतुकीकरणाची यूव्ही ट्यूब कुठल्याही प्राण्यावर लावायची नाही. ती यूव्हीसी, २५४ नॅनोमीटरची, जंतू मारायलाच बनवलेली. ती सरड्याचे डोळे आणि कातडी दोन्ही भाजेल आणि खोलीत तुम्ही असाल तर तुमचेही. हाडांसाठी जे लागतं ते साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात. त्या किरणांनी कातडीतल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थाचं पूर्व-डी३ होतं, मग शरीराच्या उबेने त्याचं डी३ जीवनसत्त्व होतं, मग यकृत, मग मूत्रपिंड, आणि तेव्हा कुठे आतड्यातून कॅल्शियम ओढलं जातं. म्हणजे ऊब नसेल तर नुसतं यूव्हीबी अर्धंच काम करतं.

दुसरं टोक म्हणजे हलवायाच्या दुकानातला माश्या मारायचा निळा दिवा, किंवा नोटा तपासायचा जांभळा दिवा. त्यात यूव्हीए (त्याहून लांब लहरींचे किरण) असतं, डी३ साठी शून्य उपयोग. आणि माणसांच्या सोरायसिससाठी जे दिवे असतात ते ३११ च्या आसपासचे, ऐकायला बरोबर पट्ट्यातले वाटतात, पण फार जोरकस आणि अगदी अरुंद पट्ट्यातले. सूर्यप्रकाशात जास्तीचं पूर्व-डी३ आणि डी३ मोडून टाकणाऱ्या लहरीही असतात, म्हणून उन्हात कितीही बसलं तरी डी३ चं विष होत नाही. अरुंद पट्ट्याच्या दिव्यात तो ब्रेक नसतो.

---

नाशिकचा सागर
१२ जुलै, सकाळी १०:०५

धन्यवाद डॉक्टर, खरंच माहीत नव्हतं. मदत करायला गेलो होतो. ती ट्यूब आता माळ्यावरून काढून नीट देऊन टाकतो, मुलांच्या हाती नको.

---

धायरीकर
१२ जुलै, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दाखवून आणलं. डाय टाकून बघितलं, जखम खोल नाही म्हणाले, थेंब दिलेत दिवसातून चार वेळा, आणि एक्स-रे पण काढला. हाडं ठीक आहेत, मित्राच्या गच्चीतल्या उन्हाची पुण्याई. बल्ब मी कचऱ्यात नाही टाकला, पारा असतो म्हणे, पिशवीत बांधून वेगळा ठेवलाय.

आता पुढचा प्रश्न. डॉक्टर म्हणाले की पावसाळा संपेपर्यंत चांगला दिवा लावाच. नेटवर बघितलं तर टी५, टी८, ५.०, १०.०, ६ टक्के, १२ टक्के, मर्क्युरी व्हेपर, आणि प्रत्येक जण वेगळं सांगतोय. परत चुकायची हिंमत नाही माझ्यात. कुणीतरी शांतपणे समजावून सांगेल का?

---

एडिंबरातून
१३ जुलै, पहाटे ४:५०

धायरीकर दादा, मी मूळची साताऱ्याची, सहा वर्षांपासून स्कॉटलंडमध्ये. माझ्याकडे बिअर्डेड ड्रॅगन आहे, ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातला सरडा. इथे नोव्हेंबर ते जानेवारी भर दुपारी यूव्ही इंडेक्स एकच्याही खाली असतो, त्यामुळे दिव्याशिवाय आमचं चालतच नाही आणि या विषयात मी अक्षरशः डोकं घातलंय. लांबलचक लिहितेय, सावकाश वाचा.

खोक्यावरचा आकडा म्हणजे जोर नव्हे. सगळा गोंधळ इथून सुरू होतो. १०.० किंवा १२ टक्के म्हणजे त्या दिव्यातून जे काही बाहेर येतं त्यातला यूव्हीबीचा वाटा साधारण किती, एवढंच. लिंबू सरबतात साखर किती टक्के हे कळलं म्हणून ग्लास केवढा ते कळतं का? तोच १०.० वेटोळ्याच्या बल्बवर असतो, जाड टी८ ट्यूबवर असतो आणि बारीक टी५ वर असतो, आणि तिन्हींचा जोर एका अंतरावर पूर्ण वेगवेगळा येतो. वर आरसा, म्हणजे मागे चकचकीत रिफ्लेक्टर असेल तर खालचा जोर जवळपास दुप्पट होतो. मध्ये बारीक जाळी असेल तर तिसरा हिस्सा, कधी निम्मासुद्धा जातो. काच किंवा अॅक्रिलिक असेल तर जवळपास काहीच पोचत नाही. म्हणून मला विचाराल तर दिवा कुठला हा प्रश्नच अर्धा आहे, पूर्ण प्रश्न असा की मिरचीच्या पाठीवर किती पोचतंय.

आणि ते मोजता येतं. यूव्ही इंडेक्स, तोच जो हवामानाच्या अॅपमध्ये येतो. गॅरी फर्ग्युसन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी रानातल्या सरड्या-सापांच्या मागे मीटर घेऊन फिरून बघितलं की कोण किती ऊन घेतं, आणि २०१० मध्ये त्याचे चार गट पाडून मांडले. पहिला गट सावलीतले आणि संध्याकाळी बाहेर पडणारे, सरासरी ०.७ पर्यंत. दुसरा, अधूनमधून ऊन घेणारे, ०.७ ते १. तिसरा, उघड्यावर किंवा थोडं ऊन थोडी सावली असं करत शेकणारे, सरासरी १ ते २.६ पण शेकताना तीनपासून सातपर्यंत जाणारे. चौथे भर दुपारचे ऊनवेडे. इग्वाना तिसऱ्यात धरतात. बिअर्डेड ड्रॅगनला मी शेकायच्या जागी ४ ते ५ ठेवते, मिरचीला ३ ते ४ वर सुरुवात करा, त्यातही डोळे आत्ताच दुखावलेत म्हणून खालच्या बाजूने.

पण हा आकडा फक्त एका जागेचा, शेकायच्या फांदीचा. पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला शून्य पाहिजे, पानांची सावली पाहिजे, म्हणजे तिला नको असेल तेव्हा ती निघून जाईल. आपल्याकडे म्हणतात ना सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तर निदान तेवढी धाव तरी तिला मिळायला हवी, दिव्यापासून लांब. ज्या खोक्यात सगळीकडे सारखाच उजेड पडतो तो कितीही भारी दिवा असला तरी मी असुरक्षित म्हणेन.

दिवा कायम वरून, बाजूने कधीच नाही. सरड्याच्या डोळ्यावर भुवईसारखा कंगोरा असतो, सूर्य डोक्यावर असताना डोळा सावलीत राहावा म्हणून. तुमचा लॅम्प बाजूला होता म्हणजे तो थेट बुबुळात जात होता, तिला चुकवायला जागाच नव्हती.

ऊब आणि यूव्हीबी एकाच जागी पडू द्या. प्राणी ऊब आणि उजेड बघून बसतो, यूव्हीबी तिकडे आणि गरम दिवा इकडे असेल तर तो गरम दिव्याखालीच बसणार.

मी स्वतः टी५ एचओ (हाय आउटपुट, म्हणजे जास्त जोराची) ट्यूब सुचवेन, आर्केडिया किंवा झू मेड या कंपन्यांची, रिफ्लेक्टरसकट. ती लांबट असल्यामुळे शरीरभर सारखी पडते, वेटोळ्याच्या बल्बसारखी एका ठिपक्यावर नाही. १२ टक्क्यांची असेल आणि मध्ये जाळी नसेल तर पाठीपासून साधारण फूट-सव्वा फूट. पण हे अंतर म्हणजे सुरुवात, फिटिंग बदललं की आकडा बदलतो.

---

गच्चीवाली ताई
१३ जुलै, सकाळी ८:१०

किती छान लिहिलंस गं. वाखु (वाचनखूण) साठवली.

माझी भर एवढीच. मी दिवा फक्त जून ते सप्टेंबर वापरते, बाकी आठ महिने गच्ची. इग्वाना मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या पट्ट्यातली, आपलं ऊन तिला परकं नाही. पण आपलं ऊन साधं नाही हेही लक्षात ठेवा. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो तेव्हा, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारचा इंडेक्स अकरा-बाराला जातो. मी सकाळी आठ ते दहा सोडते, उन्हाळ्यात नऊलाच आत. जाळीचा पिंजरा, अर्ध्यावर गोणपाट ओलं करून टाकलेलं, पाणी. काचेची पेटी उन्हात ठेवायची नाही, पाच मिनिटं पण नाही, आत भट्टी होते आणि वर काच यूव्हीबी अडवते, म्हणजे भाजणं मिळालं आणि औषध नाही. बंद खिडकीतल्या उन्हाचंही तेच. आमच्या सासूबाई पहिल्या वर्षी कौतुकाने तिला खिडकीच्या काचेमागे बसवायच्या, ऊन खातीये म्हणून, मी पण गप्प होते, नंतर कळलं की नुसती ऊब मिळत होती.

आणि एक खूण सांगते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब पडत असेल तर त्या उन्हात यूव्हीबी थोडंच असतं. कोवळं ऊन शेकायला छान, पण हाडांचं काम सावली आखूड व्हायला लागली की सुरू होतं.

---

चोकवाला, इचलकरंजी
१३ जुलै, दुपारी १:३०

मला सरड्यातलं काही कळत नाही, पण वायरिंगचं काम करतो आणि माझ्या एका गिऱ्हाइकाने असाच घोळ घातलेला म्हणून लिहितोय. दुकानात जाऊन टी५ मागितलं की आता एलईडीची पट्टी देतात, तिला पण टी५च म्हणतात सगळे. त्यात यूव्हीबी नसतंय. तुम्हाला ट्यूब पाहिजे ती गॅसची, दोन टोकांना दोन-दोन पिनांची, १६ मिलिमीटर जाडीची.

दुसरं, टी५ मध्ये दोन जाती. एक साधी, १४, २१, २८ वॅटची, आणि एक एचओ, २४, ३९, ५४ वॅटची. १४ आणि २४ ची लांबी एकच, २१ आणि ३९ ची एकच, २८ आणि ५४ ची एकच, त्यामुळे एकमेकांच्या फिटिंगात बसतात आणि पेटतात पण. पण घरातल्या जुन्या २८ च्या पट्टीत ५४ ची यूव्ही ट्यूब घातली तर चोक कमी करंट देणार, ट्यूब पेटलेली दिसणार आणि काम अर्धं. चोक ट्यूबच्याच वॅटचा घ्या. मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्यांकडे एचओची फिटिंग मिळत्यात, रिफ्लेक्टरवाली.

तिसरं, ट्यूब अमेरिकेतून आली तरी चालते, कारण व्होल्टेज चोक बघतो. पण ते मर्क्युरी व्हेपरचे गोळे ज्यांच्यात चोक आतच असतो, ते १२० व्होल्टचे असले आणि आपल्या २३० ला लावले तर फुटतील. पाहुण्याकडून मागवताना व्होल्टेज वाचा. त्यांना डिमर पण लावायचा नाही, आणि लाइट जाऊन आली की लगेच पेटत नाहीत, गार व्हायला लागतात. गरम दिव्याला प्लास्टिकचा होल्डर नको, चिनी मातीचा घ्या.

३९ वॅटची ट्यूब बारा तास लावली तर दिवसाला अर्धा युनिट पण जळत नाही, बिलाची काळजी करू नका. टायमर लावा, विसरणं बंद होतंय.

---

गौरी, दुसरं वर्ष बीएस्सी
१३ जुलै, संध्या. ५:००

धाग्यावर थोडं विषयांतर करतेय, माफ करा. माझ्याकडे लेपर्ड गेको (पाळीव पाल) आहे, तो संध्याकाळनंतरच बाहेर येतो. मला विकणारे म्हणाले होते की निशाचर आहे, यूव्हीबी लागतच नाही, खाण्यावर टाकायची कॅल्शियम-डी३ ची पावडर पुरते. खरं का?

---

एडिंबरातून
१३ जुलै, संध्या. ७:१५

गौरी, पावडरवर पिढ्यान् पिढ्या जगलेत हे खरं, त्यामुळे ते खोटं बोलले असं नाही म्हणणार. पण रानात तो कातरवेळी आणि बिळाच्या तोंडाशी थोडं तरी ऊन घेतो आणि त्याची कातडी पातळ असल्यामुळे थोडक्यात भागतं. पहिल्या गटातला धर. शेकायच्या जागी ०.५ ते १ च्या मधे, त्याच्या वर नको, आणि लपायला दोन-तीन कोंदट जागा. तुझा गेको जर पांढरट-पिवळा, फिक्या डोळ्यांचा असेल तर अजून कमी, त्यांचे डोळे फार नाजूक असतात. आणि १०.० चा वेटोळ्याचा बल्ब छोट्या काचपेटीवर ठेवू नकोस, प्लीज. या धाग्याची सुरुवात परत वाच.

दिवा लावलास तर पावडरीचं प्रमाण डॉक्टरांशी बोलून कमी कर. कातडीत तयार होणारं डी३ जास्त झालं की उजेडातच मोडतं, तोंडावाटे गेलेलं नाही.

---

ठाण्याचा पशुवैद्य
१३ जुलै, रात्री १०:१०

शेवटच्या वाक्याला +१. माझ्याकडे दोन्ही टोकं येतात, कमी मिळालेली जास्त आणि जास्त मिळालेली कमी. कमतरतेच्या खुणा सगळ्यांनी पाठ करा. जबडा दाबला तर रबरासारखा लागणं, पाय सुजल्यासारखे जाड दिसणं (मालकाला वाटतं तब्येत सुधारली, खरं तर हाड मऊ पडून आतून तंतू भरलेले असतात), बोटं थरथरणं, पोट जमिनीला घासत चालणं. थरथर दिसली म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरलंय, तो तातडीचा मामला, दिवा आणून भागणार नाही.

आणि दिवा म्हणजे जादू नव्हे. खाण्यात कॅल्शियम नसेल तर डी३ ओढणार कुठून? इग्वानाला शेवग्याची पानं, हादग्याची पानं, जास्वंदीची पानं-फुलं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. अंडं, मांस, मांजराचं खाणं अजिबात नाही, ती शुद्ध शाकाहारी आहे.

कुणीतरी मला व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारलंय की शेतात सापडलेलं घोरपडीचं पिल्लू वाढवायला कुठला दिवा. कुठलाच नाही. घोरपड वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे. वनखात्याला १९२६ वर फोन करा.

---

धायरीकर
२४ जुलै, रात्री ८:४५

अपडेट द्यायला उशीर झाला. मिरचीने सहाव्या दिवशी एक डोळा उघडला, नवव्या दिवशी दोन्ही. परवा शेवग्याची पानं खाल्ली, मुलीने प्रत्येक पान मोजलं.

दिवा बसवला. सुताराकडून सहा फूट उंच, चार फूट रुंद असा कपाटासारखा पिंजरा करून घेतला, पुढे जाळीची दारं. ३९ वॅटची १२ टक्क्यांची ट्यूब, एचओचीच, इचलकरंजीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे चोकवरचा आकडा दुकानात वाचून घेतला आणि दुकानदाराने आधी खरंच एलईडीची पट्टी काढली होती. ट्यूब छताला आतून, तिने झेप घेऊन धरू नये म्हणून मोठ्या भोकांची जाडसर जाळी लावलीये. बाजूला गरम दिवा, फांदीवर ३४ डिग्री येतं. उजवीकडचा कोपरा कापडी पानांनी झाकून पूर्ण सावलीत.

डोळ्यांमुळे डॉक्टरांनी सांगितलं तसं पहिला आठवडा रोज दोन तास, मग चार, असं वाढवतोय. अंतर घाबरून दोन फूट ठेवलंय. ते बरोबर आहे का हे कळायला मार्ग नाही आणि यूव्ही इंडेक्स मोजायचा तो मीटर बघितला तर वीस हजारांच्या वर जातोय. स्वस्तातलं काही?

---

एडिंबरातून
२५ जुलै, रात्री १:१०

वाचून डोळ्यात पाणी आलं, खरंच.

स्वस्तातलं घेऊ नका. रंग बदलणारी कार्डं आणि पाच-सातशेचे यूव्ही मीटर बहुतेक यूव्हीए मोजतात, दिवा मेला तरी ते खूश असतात. ट्यूबचा उजेड दिसतो पण यूव्हीबी आधीच गळून गेलेलं असतं, म्हणून टी५ वर्षाने आणि टी८ सहा महिन्यांनी बदलायची म्हणतात, ट्यूबच्या टोकावर मार्करने तारीख लिहून ठेवा. आणि बंद करून गार झाल्यावर महिन्यातून एकदा धूळ पुसा.

माझा सोलरमीटर आहे, ६.५ वाला, यूव्ही इंडेक्स मोजणारा. डिसेंबरमध्ये साताऱ्याला येतेय, पुण्यावरूनच जाणार. घेऊन येते. तोपर्यंत दोन फूट म्हणजे कमी पडेल पण इजा होणार नाही, आणि पावसाने उघडीप दिली की कोल्हापूरच्या ताईंसारखं सोसायटीच्या गच्चीवर न्या.

---

धायरीकर
१९ डिसेंबर, रात्री १०:३०

धागा वर काढतोय.

आज त्या एडिंबरावाल्या घरी येऊन गेल्या, तीन तास होत्या. आधी दुपारी साडेबाराला गच्चीवर गेलो, मीटर आकाशाकडे धरला, ६.४. डिसेंबरात! मग खाली येऊन पिंजऱ्यात. दोन फुटांवर जिथे मिरची गेले पाच महिने बसत होती तिथे १.३ आला. म्हणजे मी घाबरून जे केलं ते तिच्यासाठी निम्म्याहून कमी होतं, फक्त ऑक्टोबरपासून गच्ची सुरू झाली म्हणून निभावलं. फांदी इंचाइंचाने वर घेत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी मुलीने प्लायवूडवर पेन्सिलने आकडा लिहिला. चौदा इंचांवर ३.८, तिथे थांबलो. आमच्या मोठ्या भोकांच्या जाळीसकट हा आकडा आहे. गंमत म्हणून तिथेच आमची मच्छरची जाळी आडवी धरली तर खटकन २.१. काचेचं झाकण धरलं तर शून्य. हे आकडे डोळ्यासमोर पडताना बघितले आणि मग मला समजलं की तुम्ही जुलैमध्ये काय सांगत होतात.

तो जुना वेटोळ्याचा बल्ब पिशवीतून काढून मोजला, मुलीला आणि मिरचीला खोलीबाहेर ठेवून, चष्मा घालून. पाच इंचांवर मीटर दोन आकड्यांत गेला. त्या म्हणाल्या हा मीटर सूर्यप्रकाशासाठी बनवलाय, असल्या दिव्यातल्या आखूड लहरींचं खरं नुकसान तो पूर्ण दाखवेलच असं नाही. बघून मला बसायला लागलं. चार दिवस ती त्याच्यासमोर होती.

मिरची नवीन फांदीवर वीस मिनिटं बसली, मग आपण होऊन उजवीकडच्या पानांत गेली, मग परत आली. आम्ही सगळे जमिनीवर बसून बघत होतो.

---

गच्चीवाली ताई
१९ डिसेंबर, रात्री ११:०५

किती बरं वाटलं. अहो, तो मीटर पुण्यात अजून किती दिवस आहे? माझी ट्यूब गेल्या वर्षीच्या जूनची आहे, मी चार महिनेच वापरते म्हणून बदलली नाही, पण आता तुमचं वाचून शंका येतेय.

---

एडिंबरातून
२० डिसेंबर, सकाळी ७:२०

ताई, मी ८ जानेवारीला परत जातेय. मीटर दादांकडेच ठेवून आलेय, मुलीला अजून खालच्या फांद्या मोजायच्या होत्या. साताऱ्याहून कोल्हापूर दोन-अडीच तास, मीच घेऊन येते २८ ला, तुमची इग्वाना पण बघायचीये.

---

धायरीकर
२० डिसेंबर, सकाळी ७:४५

२६ ला मी स्वतः साताऱ्याला आणून देतो, कुरिअरवर विश्वास नको. ताई, पत्ता यांना व्यनि करा. आणि पिंजऱ्याची उंची आणि फांदीपासूनचं अंतर आधीच मोजून ठेवा, वेळ वाचेल.